कोणाला मरावंसं वाटतं, हात वर करा

मूर्खपणा माझाच होता, तो आधी सांगून टाकते. पन्नाशीची घोडी झाले होते, नोकरीत मुरले होते, आणि भरल्या मंडपात माईक धरून मी मुलांना विचारलं, "ज्यांना कधी मरून जावंसं वाटलं, त्यांनी हात वर करा."

हसा, हसा. मीही हसते त्या बाईला. काय ऐट होती! कडक साडी, छातीवर बिल्ला, चेहऱ्यावर समाजसेवा.

आलापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवायचे. आमचा सगळा कारभार हातांवर चाले. खरूज कोणाला, हात वर. जंताची गोळी कोणी थुंकली, हात वर. उवा कोणाच्या डोक्यात, हात वर. मग आत्महत्या प्रतिबंधाचा कार्यक्रम घ्या, असा हुकूम आल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? मरणही मी उवांच्या रांगेत बसवलं.

मुलं सकाळपासून सतरंजीवर बसलेली. प्रमुख पाहुणे दुपारी उगवले. मोठ्या घरचे, मोठ्या हुद्द्याचे. मी प्रश्न विचारला, मंडप गप्प. मनात म्हटलं, चला, कोणीच नाही. आभार मानू, मोकळं होऊ.

एक हात वर आला.

नववीतली पोरगी. गोंड घरची, आतल्या गावची. कोणाच्या नजरेत न भरणारी. नाव सांगणार नाही. तिचं काय दुखत होतं तेही नाही. ते तिचं आहे.

पाहुण्यांनी माझ्या हातून माईक घेतला. "उभी राहा बाळ. निवास आहे, भोजन आहे, गणवेश आहे. सगळं सरकार देतं. तुला काय कमी आहे गं?" मग मुलांकडे वळले. "सांगा रे, हिला काय कमी आहे?"

"काहीच नाही!" मुलं ओरडली. ओरडणारच. माईकवरून विचारलं की ओरडायचं, हे आम्हीच शिकवलेलं. फोटोवाला पुढे सरकला. पोरीचा फोटो निघाला.

आणि मी? माझ्या चपलेचा अंगठा बघत उभी.

हिला काय कमी आहे. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. भद्रावतीकडच्या गावात मी दहावीत होते. बौद्धाची पोर, वर्गात पहिली. शाळेचे एक दाते होते, त्यांनी गरीब मुलींना गणवेश वाटले. मला नवा गणवेश घालून स्टेजवर उभं केलं. "फिर जरा. मागून दाखव लोकांना." मी फिरले. बाजारातल्या गोऱ्ह्यासारखी फिरले. "आता हिला काय कमी आहे?" टाळ्या. वर मी "थँक्यू सर" म्हणाले. एवढी माझी अक्कल.

मग जेवण जाईना. झोप येईना. मरून जावं वाटे. सांगणार कोणाला? नवा गणवेश मिळालेल्या पोरीने रडायचं कशाला? आत्याने ओळखलं. चुलीपाशी दोघीच होतो. तिने आडवळण घेतलं नाही. "पोरी, मरावंसं वाटून राह्यलं का तुले?" मी हो म्हटलं. तिने उपदेश केला नाही, शपथ घातली नाही. हातातलं काम टाकून जवळ बसली. मायला बोलावलं. कितीतरी दिवस दोघींनी मला एकटं सोडलं नाही.

आत्याने चुलीपाशी विचारलं होतं. मी मंडपात विचारलं. फोटोवाल्यासमोर.

मी हात वर केला.

मुख्याध्यापक दातांतून बोलले, "बाई, हात खाली घ्या. पाहुणे पाहून राह्यले."

"नाई घेत सर." माईक नव्हता, पण गळा मास्तरणीचा. "मलाही वाटलं होतं. हिच्याएवढीच होते. मलाही सगळं दिलं होतं, गणवेशासकट. साहेब, हे मंडपात विचारायचं नसतं. मी विचारलं, चुकले. तुम्ही पुढे चालवू नका."

पाहुणे हसले. "या बाईंनाच डॉक्टरकडे न्या."

सगळे हसले.

"जाते ना," मी म्हटलं. "आम्ही दोघी जातो."

पोरीचा हात धरला आणि सतरंजी तुडवत बाहेर पडले. रात्री ती माझ्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी तिची माय आली. तिघी एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो, मनाच्या डॉक्टरांकडे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. औषध, बोलणं, पुन्हा बोलणं. शाळेत कुजबुज, "येड्याच्या डॉक्टरकडे नेऊन राह्यली बाई." नेलं. पुन्हा नेलं.

पाहुण्यांचा अपमान केला म्हणून मला नोटीस आली. माफी मागा म्हणाले. मागितली नाही.

आता आजी झाले. माझी नात नववीत आहे. शाळा अजून या विषयावर बोलायला बोलावतात. मी आधीच सांगते: मंडप असेल, पाहुणा असेल, फोटो असेल, तर मी येणार नाही. आले तर आधी शिक्षकांना बसवीन. एखादं लेकरू मरणाचं बोललं तर हसायचं नाही, रागवायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. आणि पोरांना सांगते, मैत्रीण असं बोलली तर ते गुपित पोटात ठेवू नका. मोठ्या माणसाला सांगा. तो हसला तर दुसऱ्याला सांगा. दुसराही हसला तर तिसऱ्याला. ऐकणारा सापडेपर्यंत थांबायचं नाही. काही शाळा पुन्हा बोलावत नाहीत. न बोलावोत. मी शाळा सुटताना फाटकाशी जाऊन उभी राहते, पोरांना तिथेच सांगते.

माफी मी एकाच माणसाची मागितली. त्या पोरीची. मंडपातून बाहेर पडलो त्याच संध्याकाळी, वसतिगृहाच्या पायरीवर. तिने माफ केलं नाही. समोरच्या सागांकडे बघत आपलं दुखणं सांगू लागली, आणि अर्ध्यावरच थांबली. मग म्हणाली,

"बाई, सगळ्यायसमोर नका इचारू. एकेकीले बोलवा. आन् बोलावलं का मंग पुरं आयका. मधातच घड्याळ नका पाहू, आता पाह्यलं तसं."