शेवटची दहा मिनिटं

आमच्या शेजारची नर्स लॉकडाऊनमध्ये दर रविवारी आम्हा वेस्टमीड उपनगरातल्या मैत्रिणींना झूमवर हॉलिवूडचे जुने, बायकांचे सिनेमे दाखवायची. नायिका कधी वकील, कधी संपादक. शेवटची दहा मिनिटं उरली की ही सिनेमा बंद करायची. "पुढे ती नोकरी सोडून नवऱ्याला नाश्ता करून घालते. आत्ता बढती मिळालीय ना? मग इथेच थांबू." माझी फार चिडचिड व्हायची.

एका रविवारी तिचा नवरा मागे येऊन उभा राहिला. "मी काय म्हणतो, हॉस्पिटलमध्ये केसेस वाढल्यात. तू आता नोकरी..."

"इथेच थांबू," ती म्हणाली आणि बॅग उचलून शिफ्टला निघाली.

घाईत सिनेमा मात्र बंद करायचा राहिला. शेवट आम्ही पहिल्यांदाच पाहिला, तिच्या नवऱ्यासोबत.

त्याला फार आवडला.