पौर्णिमेच्या संध्याकाळचं ताट

पौर्णिमेच्या दिवशी विहारातून जेवून घरी आलो की आमच्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. रात्री काही करायचं की नाही? नवरा दिवाणावर आडवा होऊन जाहीर करतो की आज रात्री आपल्याला पाण्याचा घोटसुद्धा नको. लेक म्हणते, मलाही नको, फार तर एखादा पापड. या दोघांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून एकदा मी खरंच काही केलं नव्हतं. तर आठच्या सुमारास नवरा स्वयंपाकघरात येऊन एकेका डब्याचं झाकण उघडून बघायला लागला आणि लेक त्याच्या मागे उभी. तेव्हापासून मी कोणाला विचारतच नाही. मुगाची खिचडी होतेच, पापड भाजले जातात, आणि ज्यांना पाण्याचा घोटही नको होता ते कुकर खरवडून ठेवतात. मला कामाचा राग येत नाही. पाच वाजता खरं बोलायला यांचं काय जातं, याचा येतो.

या वादात एकच माणूस कधी पडत नसे, ती माझी माय. तिचा निकाल दुपारी बाराच्या आतच लागलेला असे.

वडील गेल्यापासून माय आमच्याकडे केनवडला राहते. मी शाळेत शिकवते, नवरा शेतीचं बघतो. आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो, आणि त्या दिवसांतल्या पौर्णिमेला विहारात काही बाया अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतात. पाच शीलं तर आम्ही सगळेच घेतो. या आठांत जी जास्तीची असतात त्यातलं एक असं, की दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवायचं नाही. माय हे वर्षानुवर्षं घेत आली होती. पांढरं पातळ नेसून ती पहिल्या ओळीत बसायची, आणि या वयातही भिंतीचा आधार घ्यायची नाही.

बाराच्या आत सगळं आटपायचं म्हणून त्या दिवशी भोजनदानाची गडबड सकाळपासूनच असते. घरोघरून काही ना काही येतं. वांग्याची भाजी, वरण, कढी, फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या, आणि गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, तांदळाची खीर. अष्टशीलाच्या बायांना आधी वाढतात. पुढची रात्र कोरी जाणार हे ठाऊक असल्यामुळे वाढणाऱ्या त्यांना सहजी सोडत नाहीत. "घ्या व, सांजचं बी आताच घ्या," असं म्हणत वाटीत खीर ओततात. बाकीच्या बाया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत भराभर घास घेतात. माय घड्याळाकडे कधीच पाहायची नाही. घाई करायची नाही आणि मागेही राहायची नाही. खीर दोनदा घ्यायची, कढी भुरकायची, शेवटी ताट बोटानं निपटून असं स्वच्छ करायची की घासणारीला काम उरू नये. तिला जेवताना बघणं मला फार आवडतं. अन्नाचा इतका मान राखणारं आणि त्याची इतकी मजा घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी तिला चिडवायची, "माय, हा तुझा उपास काही खरा नाही. दोन वेळचं तू एकाच बैठकीत उरकलं."

"उरकलं मंग," ती म्हणायची. "उपास हाये असं कोनं सांगतलं तुले? सांजचं जेवत नाई, एवढंच."

आणि खरं कौतुक पुढेच असायचं. संध्याकाळी ती पेलाभर कोरा चहा घ्यायची, भरपूर साखर घालून, आणि मग आमच्यासाठी रांधायला बसायची. मी नको म्हटलं तरी पौर्णिमेची खिचडी तिच्याच हातची व्हायची. लसणाची फोडणी बसली की दुपारी तट्ट फुगलेल्या माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं. तिला त्या दिवशी मीठ चाखता येत नसे, म्हणून नातीच्या तळहातावर चार शितं ठेवून म्हणायची, "पाह्य व, कसं झालं." आम्ही जेवत असताना शेजारी बसून वाढायची. चेहऱ्यावर उसासा नाही, त्यागाचा आव नाही. माझ्यासकट माझ्या ओळखीतली माणसं एक वेळचं जेवण सोडतात ते गल्लीला कळेल अशा बेतानं. मायचं न जेवणं शेजारणीलासुद्धा कळायचं नाही.

मग तिला साखर निघाली. रिसोडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की संध्याकाळची गोळी चुकवायची नाही, आणि गोळी घेतली की पोटात अन्न गेलंच पाहिजे. चहातली साखरही बंद केली. माय प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, त्यामुळे मला वाटलं सगळं नीट समजलं.

पुढच्या पौर्णिमेला ती नेहमीसारखी विहारात गेली, नेहमीसारखी जेवली. संध्याकाळी कोरा चहा घेतला, पण आता बिनसाखरेचा. त्या दिवशी नातीला पोळ्या हव्या होत्या म्हणून कणीक मळायला बसली. मी आतल्या खोलीत मुलांचे पेपर तपासत होते. लेकीनं हाक मारली, "आई, आजी बोलत नाही." जाऊन बघते तर मायचे हात परातीत कणकेवर तसेच ठेवलेले. बाहेर गार वारा सुटलेला आणि हिचं कपाळ, गळा घामानं निथळत होता. मी हाक मारली तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई कोण आणि हिचं माझ्याशी काय काम.

नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी तोंडात साखर घाला, बाकीचं नंतर बोलू. मी मूठभर साखर तिच्या तोंडाशी नेली, तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पोटच्या लेकीला ओळखत नव्हती, पण जेवायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

"हे जेवण नाही माय, औषध आहे," मी ओरडले. तेव्हा तिनं तोंड उघडलं.

हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं परातीकडे पाहिलं आणि कणीक झाकायला सांगितली. मी विचारलं, "गोळी घेतली होती?"

"घेतली. चुकवू नोको म्हने ना डाक्टर."

"अन् जेवली काहून नाही?"

"शील घेतलं होतं."

डॉक्टरला दिलेला शब्द तिनं पाळला होता आणि विहारात दिलेलाही. दोन्ही पाळताना मधल्या मधे आपण जातोय, हा हिशेब काही तिच्या डोक्यात आला नव्हता. मी तिला खूप बोलले. रडले पण. आणि खरं सांगायचं तर त्या रागातही मला तिचा अभिमान वाटत होता, म्हणून आणखीच चिडचिड होत होती.

मग आमचे हेलपाटे सुरू झाले. विहारातल्या भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसाला सवलत असते, गुळाचं पाणी, फळाचा रस घेतला तर चालतो. डॉक्टरांना विचारलं, त्या एका दिवशी संध्याकाळची गोळी सोडता येईल का? ते म्हणाले, दुपारी भरपूर खायचं आणि मग रात्रभर रिकामं राहायचं, हे या वयात मला पसंत नाही. गोळी असो वा नसो, आजींनी रात्री जेवावं. मी आशेनं भंतेजींची सवलत मायपुढे मांडली, तर ती म्हणाली, "सूट घेऊन पाळाचं, तं पाळा कायले?"

तिच्या या ताठपणाचं मी एरवी चार लोकांत कौतुक सांगते. घरात मात्र त्यानं माझी झोप उडवली होती.

पुढची पौर्णिमा जवळ आली तसं मी पुन्हा तोंड उघडलं. माय अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, आठ नको, पाच घे. पाचात काय कमी आहे? तुझं वय झालं, तुला कोणी नावं ठेवणार नाही. ती शेंगा सोलत राहिली. माझा आवाज चढला. "दुपारी पोटभर खाल्लं की रात्री खायची गरज नसते, असं तुला सांगितलं तरी कोणी?"

"माह्या मायनं," ती म्हणाली.

मग शेंगा सोलता सोलताच तिनं सांगितलं. तिचं माहेर किन्हीराजाच्या बाजूचं. माझी आजी लोकांच्या शेतात निंदायला जायची. गावात कोणाचं लग्न किंवा तेरवी असली की त्या दिवशी पोरांची चैन व्हायची. "आमाले बाहीर बसवत, सगळ्याईचं झाल्यावर वाढत. पन पोटभर भेटे." संध्याकाळी पोरं पुन्हा चुलीजवळ जमायची, तेव्हा आजी म्हणायची, दुपारी लय झालं ना तुमचं? आता रातच्याले खाल्लं तं पोट बिघडते. निजा.

"मले ते खरंच वाटे," माय म्हणाली. "दवाखान्यातला नियमच हाये असं वाटे. लगन झालं, सासरी आली. एक दिवस दुपारी पंगत झाली अन् सांजच्याले सासूनं भाकरी टाकल्या. मी म्हनलं, आत्याबाई, रातच्याले खाल्लं तं पोट बिघडते. ते माह्याकडे पाहतच राह्यली. तवा मले समजलं, घरात काई नसे म्हनून माय तसं म्हने."

तिनं सोललेले दाणे सुपात सारखे केले.

"आता तुह्या घरात डबे भरेल हायेत. गहू हाये, तांदूळ हाये, काईच कमी नाई. अन् मी नाई खात. घरात नाई म्हनून नाई, कोनी देत नाई म्हनून नाई. मीच नोको म्हनते. हे मले लय वर्सानं भेटलं. ते कसं सोडू?"

माझी माय दर पौर्णिमेला नुसतं जेवण सोडत नव्हती, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. बराच वेळ मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले. मग म्हटलं, तुला जे करायचं ते कर, मी रात्री साखरेचा डबा उशाशी घेऊन तुझ्याजवळ निजते. हे मी मनापासून म्हटलं, पण जीव घाबरलेलाच होता.

पौर्णिमेला ती सकाळीच पांढरं पातळ नेसून तयार झाली. विहारात गेलो. पहिल्या ओळीतली तिची जागा बायांनी मोकळी ठेवली होती. माय तिथे गेलीच नाही. मागे येऊन माझ्या शेजारी बसली, आणि आमच्याबरोबर खणखणीत आवाजात पाच शीलं म्हणाली. पुढे अष्टशील सुरू झालं तेव्हा हात जोडून गप्प राहिली. मला तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

अष्टशीलाच्या बायांची पंगत बसली तेव्हा तिनं खिरीचा गंज स्वतःकडे ओढला आणि वाढायला उभी राहिली. इतकी वर्षं जिच्या ताटात लोक आग्रहानं वाढत होते, ती आता आपल्याच सोबतिणींना म्हणत होती, "घ्या व, सांजचं बी आताच घ्या." एकीनं विचारलं, तुमी काहून नाई बसल्या? "डाक्टर नाई म्हनते," माय म्हणाली आणि तिच्या वाटीत आणखी एक पळी ओतून पुढे सरकली. आमच्याबरोबर ती अगदी शेवटच्या पंगतीला बसली. खीर दोनदा घेतली. भिंतीवरचं घड्याळ कधीचं बाराच्या पुढे गेलं होतं. त्याच्याकडे तिनं याही वेळी पाहिलं नाही.

घरी आलो. नवऱ्यानं आडवं होऊन पाण्याचा घोटही नको म्हणून सांगितलं, लेकीनं पापडापुरतं मत दिलं. मी खिचडी टाकली. या वेळी मायला चुलीशी येऊ दिलं नाही. चार ताटं मांडली. ती हात धुऊन आली, गोळी घेतली आणि बसली. नवरासुद्धा घास हातात धरून तिच्या ताटाकडे बघत होता.

मायनं पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं व."

लेक हसली, मग आम्ही सगळेच हसलो. मी मीठ दिलं. आणि मला राहवेना. विचारलं, "माय, सोडताना लय जड गेलं ना?"

"गेलं," ती म्हणाली. खिचडी कालवत राहिली. मग तिनंच पुढे सांगितलं.

"लहानपनी माय म्हने, निजा. सासरी उरलं तं खाल्लं, नाई उरलं तं नाई. सांजच्याले जेव म्हनून माह्यासंगं आजपावतर कोनी भांडलं नव्हतं."

आणि तिनं आणखी वाढ म्हणून ताट माझ्यापुढे केलं.