बोअरमधलं घट्ट पाणी

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत, पण तो एक दिवस सकाळच्या पहिल्या फोनपासून जसाच्या तसा आठवतो. गंगाखेड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या. मळ्यातल्या वस्तीवर बोरात इख टाकलंय म्हणून लोकांनी एकाला बांधून ठिवलंय. मारायलेत त्याला."

राणीसावरगावच्या रस्त्यानं आम्ही वस्तीवर पोचलो. बांधलेला माणूस पन्नाशीचा शेतकरी होता. गोठ्याच्या खांबाला टेकून बसलेला, डावा डोळा सुजून बंद झालेला. फिर्याद देणारी त्याची विधवा भावजय. तिच्या बोअरवर चार घरं पाणी प्यायची. दिराशी तिचा बांधावरून जुना वाद होता, आणि आठच दिवसांपूर्वी तो चारचौघांत म्हणाला होता, "तुमचं बोर कसं चालतंय ते बघतो." एवढं हाती लागलं की पोलिसाला निम्मा गुन्हा उघडकीला आल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

बोअर चालू करून बघितली. मोटार कण्हली आणि पाइपातून पाण्याऐवजी काहीतरी बुळबुळीत, तार सुटणारं बाहेर आलं, कपड्याला देतात त्या खळीसारखं. मग तेही बंद झालं. नशीब एवढंच की सकाळी पहिली घागर भरतानाच बाईच्या लक्षात आलं होतं आणि कोणी ते प्यायलं नव्हतं. पंचांसमोर एक बाटली भरून सील केली. बोअरच्या तोंडाशी पांढऱ्या पुडीचे कण सांडलेले होते, तेही कागदात घेतले. दिराला गाडीत बसवलं. गर्दीत त्या बाईचा मुलगा उभा होता, पंचविशीचा. तो चुलत्याकडे बघत नव्हता. तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नाही, आणि ही माझी त्या दिवसातली पहिली चूक.

ठाण्यात मी दिराला दोनदा नीट विचारलं आणि तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, माझं बोर शंभर पावलांवर हाय, त्याच दगडात. खालच्या झऱ्यात इख कालवून मी काय पिऊ?" उत्तर शहाण्या माणसाचं होतं. पण मला राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाला शहाणं उत्तर उद्धट वाटतं. मी त्याला बाहेर बाकावर बसवलं.

दुपारी आमच्या जमादारांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या पुडीतली चिमूटभर ग्लासातल्या पाण्यात टाकली. पाणी घट्ट झालंच नाही. पुडीच्या गुठळ्या झाल्या, घाईत केलेल्या उपम्यात होतात तशा, आणि कितीही ढवळलं तरी त्या फुटेनात. मी सीलबंद बाटली उजेडात धरली. तिच्यात एकही गुठळी नव्हती. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला ही पूड विरघळवायची कशी, ते येत होतं. बाकावरच्या माणसाचे हात नांगराचे होते. त्यानं ती पोत्यानं ओतली असती.

घरच्यांचे जबाब घ्यायचेच होते. मुलाला बोलावलं, चहा दिला आणि बोअरचं नावही न काढता विचारलं, कामधंदा काय करतोस? गुजरातेत तेलाच्या विहिरींवर मजूर आहे, सुटीवर आलोय, म्हणाला. मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, जरा सांग. आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की माणूस फुलतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

"तेल दगडाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतंय, साहेब. त्याला ढकलायला वरून पाणी सोडतेत. पण पाणी लय चपळ. भेगेनं पळून जातंय आन् तेल तिथंच राहतंय. मंग पाण्यात पूड घालून ते घट्ट करायचं, म्हंजे दमानं सरकतंय, तेलाला पुढं रेटतंय. आन् भेग मोठी असली तर त्याच्यात आणखी एक औषध मिसळायचं. आत गेल्यावर त्याचा चीक होतो आन् भेग बुजती."

मी कागदातली पूड आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. "विरघळवून दाखव बरं."

त्यानं चमचा घेतला. आधी पाणी गरगर फिरवलं, मध्ये भोवरा पडू दिला आणि त्या भोवऱ्याच्या काठाकाठानं पूड चिमटीतून भुरभुरवली. हात सरावाचा होता. थोड्या वेळात ग्लासातलं पाणी संथ, घट्ट आणि नितळ झालं. मग त्याचं त्यालाच कळलं. चमचा खाली ठेवून तो रडायला लागला.

कामावरच्या फाटक्या पोत्यांतली पूड आणि ते दुसरं औषध तो घेऊन आला होता. आई सारखी म्हणायची, आपलं पाणी खालून दिराच्या बोअरला जातं. आदल्या दिवशी आई बाजाराला गेल्यावर त्यानं भेग बुजवायला घेतली. "आपलं पाणी आपल्यातच राहील वाटलं. आपल्या बोरलाबी त्याच भेगेतून पाणी येतंय, हे ध्यानातच आलं न्हाई. आन् तिकडं विहिरीतलं पाणी कुणी पीत न्हाई, साहेब, म्हणून पिण्याचं डोक्यातच आलं न्हाई."

"आणि चुलत्याला मारत होते तेव्हा?"

"आई म्हणायली, ह्यानंच केलंय. मंग माझं तोंडच उघडलं न्हाई."

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. पूड टाकली ती अर्धवट ज्ञानाची चूक होती. गप्प राहिला तो गुन्हा, आणि त्याला माझ्याकडे कलम नव्हतं. पिण्याचं पाणी दूषित केल्याचं कलम होतं, ते लावलं. दिराला संध्याकाळच्या आत सोडलं. जाताना त्यानं एवढंच विचारलं, "पोराची नोकरी जाईल का हो?"

आठ-दहा दिवसांनी पुरवणी जबाबासाठी वस्तीवर गेलो. आता चारही घरं दिराच्या बोअरवर पाणी भरत होती. भावजय घागर घेऊन शेवटी उभी होती. तिची पाळी आली तशी ती म्हणाली, "भावजी, माझं चुकलं..." तिनं घागर पुढं ठेवली. त्यानं पाइप तिच्या घागरीत सोडला. "आधी भरून घ्या, वैनी. लाईट जायची वेळ झालीय." डोळ्याची सूज उतरली होती, खाली काळा डाग उरला होता.

या गुन्ह्यानं मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी ग्लास आणि चमच्याची गोष्ट सांगतो. लोकांना ती आवडते. खरं शिकलो ते त्या बाईकडून. वस्तीदेखत तिनं चूक कबूल केली. मी पाच पावलांवर उभा होतो, त्या माणसासमोर टेबलावर हात आपटलेला, त्याला गुन्हेगार ठरवून बसलेला. ठाण्याच्या डायरीत मी त्याच्याबद्दल 'चौकशी करून सोडले' असं लिहिलं होतं. 'निर्दोष' हा शब्द लिहायला ओळीत जागा होती. जबाब घेतला, सही घेतली, त्याच्या हातचं पाणी प्यालो आणि गाडीत बसलो.