बर्फात पुरलेलं औषध

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. माझी मुलगी मनीषा कशानं गेली असं कुणी विचारलं, की मी "वजनानं" एवढंच म्हणायचो.

बोईसरच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "मॉर्बिड ओबेसिटी. जिवाला धोका व्हावा इतका लठ्ठपणा. हा आळस नाही, आजार आहे." मनीषा चौतीस वर्षांची, वजन एकशे एकतीस किलो. ती चक्क हसली. "ऐकलंत ना बाबा? आजार हाय."

लिराग्लुटाइड सुरू झालं. भूक कमी करणारं हे इंजेक्शन पेनमधून रोज पोटात टोचायचं. पहिलं पेन दवाखान्यातच उघडून दिलं. ते तिच्या पर्समध्ये असायचं. पंधरा दिवसांत तीन किलो उतरले. बोईसरच्या ऑफिसचा जिना न थांबता चढले, म्हणाली.

बाकीची पेनं थंड ठेवायला सांगितली होती. मुरब्यात, आमच्या गावी, वीज सारखी जायची, फ्रीज कोमट पडायचा. मी जन्मभर मासळी सांभाळलेला. बर्फ जास्त तितका माल टिकतो, एवढंच मला ठाऊक. पेनं मासळीच्या पेटीत मीठ मारलेल्या बर्फाखाली पुरली. एक संपलं की दुसरं काढून, वितळवून तिच्या हातात द्यायचो.

भूक परत आली. वजनही.

"सुई टोचतेस नि बोईसरला वडापाव हाणतेस काय?"

"आईची शपथ बाबा, चोरून नाय खात."

"मेलेल्या आईला कशाला मधे घालतेस?"

तिनं औषध सोडलं. माझ्यासमोर जेवणंही सोडलं.

दीड वर्षानं वजनापायी तिला श्वास पुरेना, पालघरला आयसीयू. तोंडावर बायपॅप, म्हणजे फुफ्फुसांत हवा ढकलणारा मास्क. डॉक्टरांनी मला बाहेर विचारलं, "आधीची इंजेक्शनं ठेवत कुठं होतात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "काका, एकदा गोठलं की ते औषध निकामी होतं."

तुमच्या घरी असं पेन असेल, तर फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवा, बर्फात कधीही नको. आणि गुण येईना झाला, तर आजाऱ्यावर संशय घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मी आत गेलो. मनीषानं मास्क थोडा उचलला. "बाबा, या वेळी नीट घेईन औषध. मीच कुठंतरी चुकले."

मी म्हणालो, "बोलू नको, दम लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तू नाय चुकलीस, बाय. तुझं औषध मी नासवलं, आणि वर तुलाच खोटी ठरवलं. मला माफ कर.