निऱ्या मोडतील म्हणून

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत वैजापूरच्या एका मुलीला साडीच्या दुकानात पैठणी नेसवून फोटोंसाठी उभं ठेवलं. बसायचं नाही, निऱ्या मोडतात. ती चक्कर येऊन पडली, तेव्हा दुकानदार आधी पदर उचलायला धावला. मीही तिथंच उभी होते, तशीच नेसलेली. सकाळी ती म्हणाली होती, "ताई, पाय लई दुखायलेत." "होईल सवय," असं मीच म्हणाले होते. ते डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी मॉडेलिंग सोडलं आणि छावणी भागात एका खोलीत स्वतःची एजन्सी काढली. करारातली पहिली अट एकच: मुलीला दर तासाला बसायला खुर्ची. दुकानदार हसतात. एकानं विचारलं,

"मॅडम, मॉडेल पाठवताय का पाहुणी?"

"पाहुणीच समजा," मी म्हणाले. त्यानं काम दुसरीकडं दिलं. असे बरेच झाले. थकलेय मी, खोटं कशाला बोलू? अट मात्र खोडलेली नाही, कारण वैजापूरची ती मुलगी आता माझ्याकडंच काम करते.

दुकानदार माझं ऐकत नाहीत, गिऱ्हाइकाचं ऐकतात. तेव्हा साडी घ्यायला जाल, तर जाहिरातीतल्या बाईकडं बोट दाखवून विचारा, "हिला बसू दिलं होतं का?" उत्तर मिळाल्याशिवाय साडी घेऊ नका.