पोळ्यानंतर जुनं बंद

"आपका सावन तो राखी को ख़त्म हो जाता है ना? राखी के दूसरे दिन बदल दीजिए."

फोनच्या स्पीकरवर बंगळूरच्या बुकिंग कंपनीचे मॅनेजर होते. मुजुमदार साहेबांनी फोन म्यूट केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सपोर्ट तू बघतेस बाई. तारीख तू सांग."

नववीत शाळा सुटली, लग्न होऊन वाशीमहून इकडे उज्जैनला आले. साहेबांनी फ्रीगंजच्या ऑफिसात आधी फोन घ्यायला बसवलं, मग बाकीचं शिकवलं. अशा माणसाचं नुकसान आपल्या तोंडून होऊ नये, एवढीच भीती.

आम्ही लॉजवाल्यांसाठी डेटाबेस सॉफ्टवेअर बनवतो. खोल्या, पाहुणे, बुकिंग, सगळी माहिती त्यात. लॉजचा कंप्यूटर आमच्या सर्व्हरशी एका ठरलेल्या पद्धतीनं बोलतो. त्या पद्धतीला स्टँडर्ड म्हणतात. आता नवं, जास्त सुरक्षित स्टँडर्ड आलं होतं. बंगळूरची कंपनी आमच्या लॉजना ऑनलाइन बुकिंग देणार होती, पण अट अशी की नवं चालू करा आणि जुनं बंद. जुनं चालू असलेल्या सर्व्हरला ते जोडणारच नव्हते.

नवं तयार होतं. आमची इंजिनियर श्वेता ते करून बसली होती. अडचण लॉजच्या जुन्या कंप्यूटरांची. त्यांना नवं कळतच नाही. एकेका लॉजवर जाऊन, कंप्यूटर बंद ठेवून अपडेट करावं लागतं. आदल्या दिवशी मी देवास गेट भागातल्या लॉजांवर फिरून आले होते. एका लॉजच्या काकाजींनी कीबोर्डवर हातच ठेवला. "दीदी, शाही सवारी तक इसको छूना मत."

महाकालाची सवारी, म्हणजे दर सोमवारची पालखी, इकडच्या सावनात सुरू होते, पण संपते आपल्या मराठी श्रावणाबरोबर, पोळ्याच्या सुमारास. म्हणजे राखीनंतरही पंधरवडाभर चालते, आणि शेवटच्या सोमवारची शाही सवारी सगळ्यांत मोठी. त्या गर्दीत लॉजचे कंप्यूटर बंद पडले तर लोक सामानासकट रस्त्यावर.

मी म्यूट काढला. "सर, पोला के बाद."

"पोला क्या होता है?"

"बैलों का त्योहार."

"मैडम, हमारा काम बैलों पर रुका है?"

साहेब रुमालात हसत होते. मला हसू येईना. मी सवारीचं समजावून सांगितलं.

"तब तक तो सीज़न निकल जाएगा," ते म्हणाले. "फिर हम दूसरी कंपनी देखते हैं."

श्वेता माझ्या कानाशी वाकली. "ताई, दोन दारं करू. त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हर, तिथे फक्त नवं. लॉजवाले जुन्याच दारानं येतील. आतली माहिती एकच."

"जमेल?"

"ते माझ्यावर सोड. जुनं दार कधी लावायचं, ते तू सांग."

मी मॅनेजरना दोन दारांचं सांगितलं. त्यांनी त्यांच्या लोकांना विचारलं आणि होकार दिला. "लेकिन पुराना बंद कब?"

"पोला के बाद," मी पुन्हा म्हणाले.

शाही सवारीच्या दिवशी पालखी राम घाटाकडे निघाली आणि काकाजींचा फोन आला. "दीदी, गड़बड़ हो गई."

"क्या हुआ?"

"ऑनलाइन वाले बी आ गए. एक कमरा नी बचा. अब इसको बंद किधर से करूँ?"

जुन्याच कंप्यूटरवर ऑनलाइन बुकिंगं येऊन लॉज भरला होता. मी ऑनलाइन बुकिंग थांबवायचं बटण सांगितलं, फोन ठेवला आणि श्वेताला म्हटलं, चल, चहा मी पाजते.

पोळा झाला. लॉज ओस पडले. आम्ही एकेक कंप्यूटर अपडेट केला आणि जुनं दार लावलं. कुणाचा फोन आला नाही. सपोर्टमध्ये यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

त्यातून शिकले ते एवढंच: नवं तयार झालं की चालू करावं. जुनं बंद करायच्या आधी मात्र ते वापरणाऱ्याच्या दुकानात जाऊन यावं.

परवा बंगळूरहून मेसेज आला. पुढचा बदल ठरवायचाय. बाकी काही विचारलं नव्हतं, फक्त, "मैडम, इस साल बैलों का त्योहार कब है?"