न धुतलेलं लुगडं

चंद्रभागाबाई बायांची अंगावरची घामट लुगडी मागून नेते आणि अमावस्येला त्यांच्यावर करणी करते, अशी आमच्या चकलांब्यात बोलवा होती. खोटं आहे. तिच्या नि माझ्या घरात एकच भिंत, आणि माझा एक कान त्या भिंतीला बारा महिने चिकटलेला असतो, म्हणून छातीठोक सांगतो. ती लुगडी ती कुत्र्यांना अंथरते.

दसरा झाला की आमची अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. ट्रॉलीत भांडी चढतात, लेकरं चढतात, कोंबड्यासुद्धा चढतात. कुत्र्याला मात्र मुकादम चढू देत नाही. ते धाप लागेस्तोवर मागं पळतं. चंद्रभागाबाईनंही नवऱ्याबरोबर वीस वर्षं ऊस तोडला, तिचं कुत्रं असंच ट्रॉलीमागं गेलं ते गेलंच. नवरा, आसाराम, वारल्यावर तिनं तोड सोडली आणि लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायला घेतली. ज्याच्या घरी असेल त्यानं पायलीभर बाजरी द्यायची, नसेल त्यानं नुसतं कुत्रं आणून बांधायचं. मांजरं घर सोडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ती कुलपं लागलेल्या दारांपुढं ताकात भाकरी कुस्करून ठेवत फिरते. कुत्र्याचं तसं नाही, त्याला माणूस लागतो. म्हणून तिची एकच अट, घरच्या बाईनं अंगावरचं लुगडं न धुता द्यायचं. त्या वासावर कुत्रं सहा महिने पडून राहतं. गोठ्यात अकरा कुत्री अकरा लुगड्यांवर झोपलेली मी बघितलीत.

माझी पिठाची गिरणी आहे. जात्याखाली सांडलेलं पीठ मी बाईला देतो, कुत्र्यांच्या भाकरीला. गिरणीत दळणासाठी बाया खोळंबलेल्या असल्या की माझ्या जिभेला खाज सुटते. परवाच्या दसऱ्याआधी तोडीला निघालेली बबिता दळण घेऊन आली होती. मी म्हटलं, “लुगडं देतीस ते दे बाई, पण म्हातारी अमावस्येला त्याच्यावर लिंबू पिळती. फडात पोट दुखाया लागलं तर मला सांगू नको.”

सगळ्या हसल्या, मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. बबिता तेवढी हसली नाही. तिला पाचवा महिना लागलेला, हे मला माहीत नव्हतं. गावातलं झाडून सगळं माहीत असणारा मी, आणि नेमकं हेच नव्हतं.

बबिता आणि तिचा नवरा शहादेव यांचं कुत्रं काजळ्या. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, स्वभावानं गरीब. निघताना बबितानं बाईच्या हातात लुगडं दिलं, काजळ्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि ट्रॉलीत चढली. ट्रॉली दिसेनाशी झाल्यावर बाईनं घडी उलगडून नाकाशी धरली.

“राधाकिसना,” भिंतीपलीकडून हाक आली, “ह्याला साबणाचा वास यायलाय रे. कावून धुतलं असंल पोरीनं?”

मी म्हटलं, “काय की मावशी.”

काजळ्यानं लुगडं हुंगलं, त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि दाराकडं तोंड करून बसला. भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी दावं कुरतडून गेला. बाई माझ्या फटफटीवर मागं बसून गेवराईपर्यंत आली, प्रत्येक हॉटेलवर, प्रत्येक पंक्चरवाल्याला विचारत. चार दिवस फिरलो. नंतर ती एकटीच चालत जायची, कमरेला भाकरीचं फडकं बांधून.

त्या हिवाळ्यात मी तिला सांडलेलं नाही, चांगलं पीठ द्यायला लागलो. ती म्हणायची, “आवंदा लई सांडायलंय रे तुजं.” मी म्हणायचो, जातं गुळगुळीत झालंय, टाकी लावायला पाहिजे.

चैत्रात ट्रॉल्या परतल्या. बबिताच्या मांडीवर लेक होती. ट्रॉली थांबायच्या आधीच ती “काजळ्या, काजळ्या” करून ओरडायला लागली. बाकीची दहा कुत्री आपापल्या माणसांच्या अंगावर उड्या मारत होती. बबिता गोठ्यात शिरली आणि घडी घातलेलं लुगडं हातात घेऊन बाहेर आली.

“गेला गं,” बाई म्हणाली. “माज्यानं न्हाई राखवला.”

“मावशी, म्या धुतलं हे. दोनदा धुतलं.” बबिता रडायला लागली. “पोटात ही होती. भ्याव वाटलं. राधाकिसनदादा म्हणले, तुमी लिंबू पिळता.”

मी गिरणीच्या दारात उभा होतो, अंगभर पीठ. म्हटलं, “मावशी, चेष्टेत म्हणलो होतो.”

बाईनं बबिताच्या हातातलं लुगडं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडं बघितलं.

“धुवायचंच होतं तर तुजं तोंड धुवायचंस की बे. पोरीला लुगडं कावून धुवाया लावलंस?”